चौथं वर्ष

जुलै २०१२ मध्ये मार्क अपेल नावाच्या पिचरनं, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूनं, पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबचे ३८ लाख डॉलर नाकारले आणि तो स्टॅनफर्ड विद्यापीठात चौथं वर्ष पूर्ण करायला परत गेला. त्याचा एकविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. मी तेव्हा कॅलिफोर्नियात नवी होते, बेसबॉल नुकता कुठे कळू लागला होता. ऑफिसात जो तो एकच बोलत होता: पोरानं हातातोंडाशी आलेला घास टाकला. उद्या खांदा दुखावला तर? एवढा पैसा पुन्हा कोण देणार?

चिंता खोटी नव्हती. पिचरचा हात ही फार नाजूक पुंजी असते. अमेरिकेतल्या मेजर लीगचे, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या व्यावसायिक बेसबॉलचे, क्लब दर वर्षी ड्राफ्टमध्ये एकेक करून नवे खेळाडू निवडतात. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला खेळाडू तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर त्यात बसतो, आणि गुणी खेळाडू तिसऱ्या वर्षानंतर सहसा थांबत नाहीत. अपेल पहिलाच निवडला जाईल असा बोलबाला होता, पण तो घसरून आठव्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी क्लबांच्या खर्चावर नवी मर्यादा घातली गेली होती. पायरेट्सनं त्या मर्यादेत बसेल तेवढं सगळं समोर ठेवलं. तो नाही म्हणाला.

पुढच्या वसंतात एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला पाहायला गेले. कॉलेज बेसबॉलमध्ये आठवड्याची मोठी मालिका शुक्रवार ते रविवार चालते आणि संघाचा सर्वांत भरवशाचा पिचर शुक्रवारी चेंडू हातात घेतो. स्टॅनफर्डचं मैदान जमिनीच्या पातळीखाली आहे. १९२१ मध्ये फुटबॉलच्या स्टेडियमचे बांध घालायला इथली माती उकरली आणि झालेल्या खड्ड्यात पुढे बेसबॉलचं मैदान आलं. भोवती निलगिरीची झाडं, त्यांचा तो औषधी वास. खाली सहा फूट पाच इंचांचा मुलगा. त्यानं हात वर नेला की माझ्या पुढच्या रांगेतले दहा-बारा गृहस्थ एकदम वेगमापक यंत्रं उचलायचे आणि चेंडू कॅचरच्या ग्लोव्हात आपटला की एकदम खाली घ्यायचे. ते क्लबांचे स्काउट, नवे खेळाडू हेरणारे. त्यांच्या वह्यांत फक्त त्या हाताची नोंद होत होती. त्याच मुलाचा त्या सत्रात कुठला पेपर आहे, हे तिथे कुणाच्या वहीत असणं शक्य नव्हतं.

त्या मोसमात त्यानं दर नऊ डावांमागे, म्हणजे एका पुऱ्या सामन्यामागे, सरासरी २.१२ धावा दिल्या. चार वर्षांत मिळून ३७२ स्ट्राइकआउट घेतले. स्टॅनफर्डच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. स्ट्राइकआउट म्हणजे फलंदाजाला तीन स्ट्राइकवर परत पाठवणं, आपल्याकडच्या त्रिफळ्याइतकं निर्विवाद. त्याचबरोबर त्यानं मॅनेजमेंट सायन्स अँड इंजिनिअरिंग या विषयाची पदवी घेतली. हा विषय खेळाडूंना सोयीचा म्हणून ओळखला जात नाही. जून २०१३ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजनं त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं आणि ६३ लाख ५० हजार डॉलरचा करार केला.

आता ऑफिसात उलटा सूर लागला. बघा, थांबला म्हणून पंचवीस लाख जास्त मिळाले! पुढे २०१४ मध्ये लँकॅस्टरच्या मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीच्या, संघाकडून खेळताना त्याची सरासरी ९.७४ पर्यंत चढली, ॲस्ट्रोजनं त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, २०१६ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, २६ व्या वर्षी, मेजर लीगचा एकही चेंडू न टाकता त्यानं खेळ थांबवला. तेव्हा पुन्हा सूर फिरला. तेल गेलं, तूपही गेलं.

मला हे तिन्ही हिशेब चुकीचे वाटतात, आणि तिन्हींची चूक एकच आहे. तिन्हींत चौथ्या वर्षाकडे एक डाव म्हणूनच पाहिलं जातं. पहिल्या हिशेबात तो फसलेला, दुसऱ्यात साधलेला, तिसऱ्यात पुन्हा फसलेला. विद्यापीठानं ज्याला प्रवेश दिला त्या मुलाचं शिक्षण पुरं होणं हे देणं आहे, आणि ते त्यानं उद्या किती वेगानं चेंडू टाकला यावर अवलंबून नाही, असं कुणी म्हणालं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत की नाही, हा वाद आता जवळजवळ मिटला आहे आणि योग्य बाजूनं मिटला आहे. पण तो मिटवता मिटवता दुसरं, जुनं देणं मागे पडलं, आणि ते आता कायद्यानं आणि करारानं वसूल केलं पाहिजे.

हे देणं कधी नीट फेडलं गेलं होतं, असा माझा दावा नाही. ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द ऐकायला किती छान, विद्यार्थी आधी आणि खेळाडू नंतर. तो आला कुठून? १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. खेळाडू हे नोकर ठरले तर काय, या धास्तीनं कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए हा शब्द सगळीकडे सक्तीनं वापरू लागली. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी उतारवयात स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे. डेनिसनच्या पत्नीचा दावा कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये फेटाळला. म्हणजे ‘विद्यार्थी’ हे बिरुद शिक्षणाच्या कळवळ्यानं आलं नव्हतं. पुढची साठेक वर्षं मात्र त्याच बिरुदाच्या जोरावर खेळाडूंना सांगितलं गेलं की तुम्हाला पगार नाही, कारण तुम्हाला शिक्षण मिळतंय.

मग ते शिक्षण तरी पुरतं मिळावं की नाही?

बेसबॉलपुरतं बोलते, कारण तेच मी जवळून पाहिलं. नियमानुसार मोसमात खेळाचा सराव आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण सामन्याचा दिवस तीनच तासांचा धरतात, सामना साडेतीन तास चालो की पाच तास. प्रवास त्यात धरतच नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ५६ सामने, त्यातले निम्मे परगावी. गुरुवारी दुपारी बस सुटते, रविवारी रात्री उशिरा परत येते, मंगळवारी पुन्हा सामना. हे सगळं कागदावर २० तासांत बसतं.

पैशांचं गणित याहून कडू होतं. अगदी परवापरवापर्यंत पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक कॉलेजला बेसबॉलसाठी ११.७ शिष्यवृत्त्या देता यायच्या. अकरा पूर्णांक सात! त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटायच्या, प्रत्येकी किमान पाव. म्हणजे बहुतेक मुलं फीचा मोठा हिस्सा घरून भरून कॉलेजसाठी खेळत होती.

आमच्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबातला मुलगा असाच पाव शिष्यवृत्तीवर एका विद्यापीठात कॅचर म्हणून गेला. आईवडिलांनी दहा वर्षं शनिवार-रविवार मैदानावर घालवले होते, गणपतीच्या आरतीलाही पोरगा ढोपराला माती लागलेला यायचा. त्याला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं, म्हणून जीवशास्त्र घ्यायचं होतं. पहिल्याच सत्रात कळलं की जीवशास्त्राची लॅब मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एक ते चार, आणि सराव दीड वाजता. सुट्टीत घरी आला तेव्हा मला म्हणाला, “काकू, कोणी नाही म्हटलं नाही. सगळे खूप गोड बोलतात. फक्त त्यांनी मला एक लिस्ट दिली, या मेजर्सचे क्लासेस सकाळी असतात म्हणून.” त्यानं त्या यादीतला एक विषय घेतला. तिसऱ्या वर्षी खांदा गेला. शिष्यवृत्ती दर वर्षी नव्यानं मिळायची होती. २०१८ मध्ये ती मिळाली नाही. चौथं वर्ष घरून भरण्याची सोय त्या वेळी त्या घरात नव्हती, आणि जो विषय मनापासून निवडलाच नव्हता त्यासाठी कर्ज काढायला मुलगा तयार नव्हता. कुणीही नियम मोडला नाही. एक मुलगा मात्र हवं ते न शिकता, जे शिकला तेही अर्धवट टाकून घरी आला.

आणि नियम पाळल्याचं सोंग कुठवर जाऊ शकतं, ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं दाखवून दिलं. तिथे अठरा वर्षं असे वर्ग चालले ज्यांत तास होत नव्हते, प्राध्यापक भेटत नव्हते. एक निबंध लिहून दिला की चांगली श्रेणी. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० च्या वर विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले, त्यांत जवळपास निम्मे खेळाडू. एनसीएएनं २०१७ मध्ये काय निर्णय दिला? हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, म्हणून खेळाचा नियम मोडल्याचं ठरवता येत नाही. हे वाचून मला आजही संताप येतो. त्या मुलांना फुकट गुण मिळाले असं लोक म्हणतात. त्यांच्या हातून अठरा-वीस वर्षांच्या वयातली शिकण्याची वर्षं काढून घेतली गेली, असं म्हणायला हवं.

मग पैसा आला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात, खेळाडूंच्या लाभांवरच्या मर्यादांबाबत, नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर लगेच, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचं उत्पन्न घेता येऊ लागलं. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी आणखी मोठी तडजोड मंजूर केली: मागच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर आणि पुढे प्रत्येक सहभागी विद्यापीठाला दर वर्षी, सुरुवातीला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा. ११.७ ची मर्यादाही तिथे गेली. संघात ३४ जण, आणि देता आली तर सगळ्यांना शिष्यवृत्ती. यातलं काहीही मागे घ्यावं असं मला वाटत नाही. ज्यांच्या अंगमेहनतीवर स्टेडियमं भरतात त्यांना त्यातला वाटा मिळालाच पाहिजे.

पण याच काळात कॉलेज बदलण्यावरचे निर्बंधही एकेक करून उठले. आधी एकदा, मग २०२४ पासून कितीही वेळा, एक वर्ष बाहेर न बसता. खेळाडूच्या स्वातंत्र्यासाठी हे चांगलंच. शिक्षणाच्या बाजूनं मात्र याचा अर्थ काय होतो तो पाहा. नियम सांगतो की दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के भाग पुरा झाला पाहिजे. आता नव्या विद्यापीठानं जुन्या ठिकाणचे तीन विषय धरले नाहीत की मुलगा या टक्क्यांच्या खाली येतो आणि खेळायला अपात्र ठरतो. मग त्याला अशाच विषयात घालतात जिथे जुने गुण कसेबसे बसतील. पात्रता टिकते, विषय जातो.

आणि ते ६० टक्के लक्षात ठेवा. ड्राफ्ट नेमका तिसऱ्या वर्षानंतर येतो. म्हणजे क्लब जेव्हा मुलाला उचलतो तेव्हा नियमानंच त्याची पदवी बऱ्याचदा चाळीस टक्क्यांपर्यंत बाकी असते. क्लब करारात पुढच्या शिक्षणाचा खर्च लिहून देतात, हे खरं. पण खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. खेळ सुटल्यावरची पहिली दोन वर्षं म्हणजे माणूस सर्वांत गोंधळलेला, बहुधा दुखापतीतून उठत असलेला, कधी नवीन लग्न, कधी लहान मूल. तेव्हाच त्याला वर्गात बसायला सांगायचं, नाहीतर हक्क गेला!

एनसीएएनं २०२४ पासून एक चांगलं पाऊल उचललं: खेळ संपल्यावर दहा वर्षांपर्यंत पदवी पुरी करायला विद्यापीठानं पैसे द्यायचे. मी हे आनंदानं वाचायला घेतलं आणि पुढच्या ओळीवर अडले. ही सोय पूर्ण शिष्यवृत्ती असलेल्यांना आहे. ज्या खेळात पिढ्यान् पिढ्या पाव आणि अर्धी शिष्यवृत्ती वाटली गेली, त्या खेळातली बहुतेक मुलं इथेच बाहेर पडली. ज्यानं घरचे पैसे घालून खेळ दिला, त्याला कमी हक्क, हा कुठला न्याय? ही दहा वर्षांची सोय प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला मिळायला हवी, आणि तीही पूर्ण फीसकट. विद्यापीठाकडे खेळाडूंना वाटायला वर्षाला दोन कोटी डॉलर असतील तर त्यातला पहिला घास हा असावा. क्लबांच्या करारातली दोन वर्षांची अट काढून टाकायला हवी. आणि लॅबची वेळ सरावाला आडवी येत असेल तर सराव हलला पाहिजे, हे नियमात स्वच्छ लिहिलं गेलं पाहिजे.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की सगळ्यांना शिकायचं नसतं. काहींना फक्त खेळायचं असतं, त्यांना वर्गात का कोंबायचं? कोंबू नये. डॉमिनिकन रिपब्लिकमधली मुलं सोळाव्या वर्षी क्लबांशी करार करतात, त्यांच्यासमोर कॉलेजचा दरवाजाच नसतो. तिथल्या शिक्षणाचा प्रश्न वेगळा आणि आणखी मोठा आहे. ज्याला घरच्या गरजेपोटी पैसा आज हवा आहे त्यानं तो आज घ्यावा, त्याला मी अपेलचं उदाहरण ऐकवणार नाही. मी हक्काबद्दल बोलते आहे, सक्तीबद्दल नाही. चौथं वर्ष दहा वर्षांनी करायची इच्छा झाली तरी दार उघडं असावं.

दुसरा आक्षेप असा की शिक्षण ही पडत्या काळाची सोय, जे खरे गुणी असतात त्यांना तिची गरज पडत नाही. माईक मसिना हा पिचर स्टॅनफर्डमधून साडेतीन वर्षांत अर्थशास्त्राची पदवी घेऊन निघाला आणि मेजर लीगमध्ये २७० सामने जिंकून २०१९ मध्ये हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो गॅरेट ब्रोशुइस. मिझुरी विद्यापीठाचा पिचर, जायंट्स या क्लबनं निवडलेला, काही वर्षं मायनर लीगमध्ये खेळून मेजर लीगला न पोचलेला. कुठल्याही आकडेवारीत त्याचं नाव वरच्या पानावर नाही. तो पुढे कायदा शिकला. मायनर लीगच्या बसमध्ये आपल्याबरोबर बसणारे खेळाडू किमान वेतनाच्याही खाली राबतात हे त्यानं भोगलं होतं, आणि आता ते न्यायालयाच्या भाषेत कसं मांडायचं हे त्याला येत होतं. २०१४ मध्ये त्यानं मेजर लीगविरुद्ध खटला उभा केला. २०२२ मध्ये लीगनं १८.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानं मायनर लीगमधल्या सर्वांत वरच्या, ट्रिपल-ए पातळीचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेला. खेळाडूनं शिकावं ते खेळ सुटला तर पोट भरायला, एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा पाहावा. एक जण शिकला आणि हजारोंचा पगार दुप्पट व्हायला हातभार लागला.

दोन डगरींवर पाय ठेवू नये, असं म्हणतच आपण वाढलो. दहावीचं वर्ष आलं की बॅट माळ्यावर जाते. जी मुलं खेळातच राहतात त्यांची पुस्तकं माळ्यावर जातात. अपेलच्याच वर्षी, १९९१ मध्ये जन्मलेला सौरभ नेत्रावळकर २०१० चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजीही खेळला. त्यानं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं होतं आणि दोन्ही गोष्टी एका जागी नेता येतील असा रस्ता त्याला मुंबईत दिसला नाही. २०१५ मध्ये क्रिकेट मागे ठेवून तो कॉर्नेल विद्यापीठात शिकायला आला. ६ जून २०२४ ला डॅलसजवळच्या मैदानावर त्यानं पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली आणि अमेरिकेला सामना जिंकून दिला. तेव्हाही तो ओरॅकलमध्ये नोकरी करत होता. आमच्या घरात त्या वेळी सगळे उभे होते. पण मला राहून राहून वाटलं, या मुलाला मधली वर्षं अशी तोडून का द्यावी लागली? अमेरिकेच्या कॉलेजांनी जगाला दाखवलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, की मैदान आणि वर्ग एकाच आवारात असू शकतात. पंधरा मिनिटांच्या अंतरावर. तीच गोष्ट इथले लोक हातानं मोडत असतील तर इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी गप्प बसू नये.

अपेल २०२१ मध्ये पुन्हा खेळायला आला. २९ जून २०२२ ला फिलाडेल्फियात, निवडला गेल्यानंतर नऊ वर्षांनी, तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूंत एवढ्या उशिरा, तिसाव्या वर्षाच्या अखेरीस, कुणीच पदार्पण केलं नव्हतं. त्यानं नववा डाव टाकला, एकही धाव दिली नाही. एकूण सहा सामने खेळला. दर नऊ डावांमागे सरासरी १.७४. मधली तीन वर्षं खेळाविना जगण्याची उभारी त्याला पदवीनंच दिली, असा दावा मी करणार नाही. ते त्याचं त्याला माहीत. पण २६ व्या वर्षी चेंडू खाली ठेवताना त्याचं शिक्षण अर्धवट राहिलेलं नव्हतं, एवढं तरी त्या चौथ्या वर्षानं केलं.

आमच्या मंडळातला तो मुलगा आता एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट देण्याचं काम करतो. यंदा त्यानं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्राला नाव घातलंय, फी स्वतः भरून. क्लिनिकमधून आठवड्याला दोन दुपारी रजा घेतो. लॅब मंगळवारी आणि गुरुवारी असते, एक ते चार.